उंबऱ्यावरचं पाचवं बोट

प्रेमराजनं एकदा धुळ्याला भर मे महिन्यात पांझरा नदीचं चित्र काढलं आणि त्यात पाणी दाखवलं. चित्र वाळायला म्हणून पुलाच्या कठड्याला टेकवून ठेवलं, तर एक टँकरवाला थांबला आणि पाइप कुठून सोडू म्हणून विचारायला लागला. मी तिथं होतो. टँकरवाल्याचं नावही सांगितलं असतं, पण तो आता व्याह्यांकडून नात्यात लागतो.

सांगायचं एवढंच, की पोराच्या हातात काहीतरी होतं. पोर म्हणजे तसा चाळिशी ओलांडलेला, कानावरचे केस पिकलेला, पण माझ्या वयाला सगळी पोरंच दिसतात. जळगावात आमच्याच गल्लीत राहायचा. लग्न केलं नाही, घराघरांशीच संसार. धंदा त्याचा असा: ज्यांना जुनं घर पाडून बंगला बांधायचा असेल ते पाडायच्या आधी त्याला बोलवायचे. हा घडीचं स्टूल, फळी आणि पाण्याचा डबा घेऊन घरासमोर दिवसभर बसायचा आणि घर कागदावर उतरवायचा. मग घर पडायचं, बंगला उभा राहायचा, आणि जुनं घर फ्रेममध्ये बसून टीव्हीच्या वर जायचं. धरणगावच्या, यावलच्या, चोपड्याच्या गल्ल्याच्या गल्ल्या त्यानं अशा भिंतीवर चढवल्या. मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसायचो, छत्री धरायला. छत्री त्याच्यावर कमी, कागदावर जास्त. आमच्याकडचं ऊन असं, की ब्रश डब्यातून निघतो ओला आणि कागदावर पोचतो वाळलेला.

त्याचे दोन नेम होते. माणूस काढायचा नाही. ओट्यावरच्या चपला काढेल, दोरीवरचं लुगडं काढेल, अर्धी प्यालेली चहाची कपबशी काढेल, पण माणूस नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "आबा, घर स्थिर बसतं. माणूस हलतो, मग चेहरा चुकतो आणि नातेवाईक भांडायला येतात." दुसरा नेम लाल रंगाचा. अख्ख्या चित्रात मातकट, राखाडी, पिवळट काय हवं ते, पण लाल एकाच जागी. कुठं मिरच्यांची माळ, कुठं प्लॅस्टिकची बादली, कुठं पोराचा फुगा. नसेल तिथं तो स्वतःच्या मनानं एक ठिपका द्यायचा. नजरेला बसायला जागा लागते, म्हणायचा.

आता त्याच्या घरचं थोडं सांगतो, कारण पुढं लागणार आहे. त्याचा मोठा भाऊ मगन. बाप वारला त्या वर्षी दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि मगन सुरतेला निघून गेला. मग ना चिठ्ठी, ना फोन. प्रेमराजनं सुरतेचे यंत्रमाग पालथे घातले. कोणी म्हणालं वापीला पाहिला, कोणी म्हणालं रेल्वेच्या रुळावर एक खान्देशी पोरगा सापडला होता, बेवारस. आई प्रमिलाबाई धुळ्याच्या घरात एकट्या. दर अखाजीला त्या नवऱ्याच्या नावानं, सासू-सासऱ्यांच्या नावानं घागर भरायच्या. भाऊबंदांतलं कोणी दबक्या आवाजात मगनचं नाव काढलं, की म्हातारी समोरचं ताट बाजूला सारायची. "मना मगन जित्ता शे," माझा मगन जिवंत आहे, एवढंच बोलायची आणि दिवसभर जेवायची नाही.

अखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. तुमच्याकडं त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडं मेलेले जेवायला येतात. गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं, आंबा ठेवायचा. निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आणि त्याच्या आधी सकाळी घरातल्या मोठ्या बाईनं उंबरा धुऊन त्यावर कुंकवाची बोटं उमटवायची. एका बोटाला एक नाव. जो गेला त्याचं नाव घेऊन बोट टेकलं, की त्याला आवतण पोचलं.

दोन वर्षांमागं अखाजीलाच प्रेमराजला फैजपूरच्या अलीकडच्या एका गावात घर काढायला बोलावलं होतं. लीलाधर म्हणून केळीवाला, त्याचं धाब्याचं घर, सागवानी चौकट, खाली ओटा. अखाजी झाली की दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता, म्हणून तोच दिवस. लीलाधरची आई बेबाबाई सकाळी उंबऱ्यावर बोटं उमटवून आत गेली होती. हा समोर स्टूल टाकून बसला. मी छत्री धरून होतो, पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष आमरसाच्या वासाकडं. घर सुरेख उतरलं. चौकटीवरची खिळ्यांची फुलंसुद्धा आली. शेवटी त्यानं बारीक ब्रश घेतला, उंबऱ्यावरची कुंकवाची बोटं टिपली, मान तिरकी करून पाहिलं आणि डाव्या अंगाला, जिथं उन्हाची तिरीप पडली होती, तिथं आणखी एक बोट दिलं.

त्याच्या दृष्टीनं तो लाल ठिपका होता. रोजचा.

घर पडलं. सागवानी उंबरा चौकटीसकट चाळीसगावच्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेला. वर्षाच्या आत बंगला उभा राहिला, खाली चकचकीत फरशी. बेबाबाईनं दाराला उंबरा मागितला तर लीलाधर म्हणाला, मोटारसायकल आत घ्यायची तर मध्ये अडथळा कशाला, अंगणातून हॉलपर्यंत सगळं एका पातळीत पाहिजे. पुढच्या वर्षीची अखाजी आली, घागरी भरल्या, आणि बोट टेकवायला घरात उंबराच नाही.

त्या सकाळी लीलाधरचा प्रेमराजला फोन आला. आईनं लगेच बोलावलंय म्हणाला, आवाजात थोडी लाज होती. प्रेमराजला धुळ्याला आईकडं जायचं होतं, पण होईल तासभर उशीर, म्हणून आम्ही आधी फैजपूरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना केळी. वारा नसताना केळीची पानं हलत होती.

हॉलमध्ये पाट मांडला होता आणि पाटावर चित्र उताणं ठेवलेलं. वरची काच काढून भिंतीला लावलेली. बेबाबाई पाटासमोर बसली होती. भिंतीशी सोफ्यावर लीलाधर, पोटाला उशी धरून. त्याच्या छातीत गेल्या महिन्यापासून अधूनमधून चमक येत होती आणि दुसऱ्या दिवशी जळगावच्या डॉक्टरनं बोलावलं होतं. त्याची बायको कामिनी दारात उभी. साडी नवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चेहरा पांढराफटक.

बेबाबाईनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती म्हणाली, घरात उंबरा नाही तेव्हा आमचा उंबरा आता हाच, तू काढलेला. मी सकाळी याच्यावर बोटं टेकवली. मग तिनं पुन्हा एकेक बोट दाखवलं, ताजं कुंकू लावलेलं.

"हे मामंजी. ह्या सासूबाई. हे मालक. हे आमचे धाकले भाऊजी, विहिरीत गेले ते. आन् हे पाचवं कोनाचं, भाऊ?"

चार ठिपक्यांवर ताजं कुंकू होतं. पाचवं नुसतं रंगाचं, आणि तरीही तेच जास्त ओलं दिसत होतं.

प्रेमराज हसला. त्यानं समजावून सांगितलं की ते चित्रासाठी आहे, तिथं तिरीप होती, लाल छान बसलं. बेबाबाई ऐकत राहिली. त्याचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "अखाजीच्या दिशी उंबऱ्यावर बोट उठलं म्हंजी कोनाला तरी बलावलं. तू बलावलं, नाव घेतलं नाही. वरीसभर तो दारात उभा हाय. आता ज्याचं नाव नाही तो घरातलाच एक घेऊन जाईल."

सोफ्यावरून लीलाधर म्हणाला, "घेऊन जाऊ दे की, डॉक्टरचा हेलपाटा वाचेल." कोणी हसलं नाही. त्याचं त्यालाही नीट हसू आलं नाही.

प्रेमराजनं खिशातून रुमाल काढला, घागरींशेजारच्या तांब्यात बुडवला. म्हणाला, अक्का, एवढंच ना, आत्ता काढून टाकतो. पाण्याचा रंग, पाण्यानं जातो. तो वाकला आणि त्याचा हात कागदावर टेकणार तेवढ्यात कामिनीनं येऊन त्याचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचं मनगट, सासूच्या देखत.

"दादा, पुसू नका," ती म्हणाली. "उंबऱ्यावरचं कुंकू पुसायचं नसतं. मी इथं कपाळावर घेऊन उभी आहे."

आता पाहा कसं अडलं ते. बोट ठेवावं तर घरातल्या कोणाचं तरी नाव त्यावर बसणार. पुसावं तर कोणाचं तरी कुंकू पुसलं जाणार. आणि त्या घरात कुंकवाची बाई एकच, आणि तिचा नवरा सोफ्यावर छाती चोळत बसलेला.

मी आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टी सांगून लोकांचा चहा प्यालो. पण त्या हॉलमध्ये, पंखा चालू असताना, माझ्या पाठीला थंडी वाजली.

बेबाबाईनंच वाट काढली. तिच्या घरातले गेलेले सगळे मोजून झाले होते. पाचवं तिच्या घरचं नव्हतं. हात प्रेमराजचा, तर माणूसही त्याच्याकडचा असणार. असा कोणी, ज्याच्या नावानं कोणत्याच उंबऱ्यावर बोट टेकत नाही. त्याचं नाव घे, ती म्हणाली, त्याला आम्ही घास टाकू, पाणी देऊ, तो जेवून जाईल. लीलाधर सुटेल.

प्रेमराज चित्राकडं पाहत बसला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला, तिथं थांबला. कामिनी अजून मनगट धरून होती, सोडायचं तिला सुचलंच नव्हतं. ती हळूच म्हणाली, "दादा, घ्या ना कोणाचं तरी."

"मगन," प्रेमराज म्हणाला.

बेबाबाईनं विचारलं, कोण मगन. हा म्हणाला, माझा मोठा भाऊ. तिनं पुन्हा विचारलं, त्याची घागर भरता ना घरी? धुळ्याच्या म्हातारीनं आजवर एकदाही भरू दिली नव्हती. प्रेमराजनं मान हलवली आणि म्हणाला, "भरतो."

म्हातारीनं बोट कुंकवात बुडवलं, पाचव्या ठिपक्यावर टेकवलं, मगनचं नाव घेतलं. आगारीचे निखारे आणले. तिनं चार घास टाकले तेव्हा नेहमीसारखा धूर झाला, तुपाचा चरचर आवाज आला. पाचवा टाकला तेव्हा आवाज झाला नाही. घास निखाऱ्यावर पडला आणि दिसेनासा झाला, कोणी वरच्या वर उचलावा तसा. भिंतीवरच्या घड्याळात बाराला काही मिनिटं कमी होती. हे मी नीट पाहिलं, कारण मला भूक लागली होती आणि भुकेला माणूस घड्याळच बघतो.

आम्हाला वाढलं. मला पुरणपोळी गिळवेना, यावरून काय ते समजा.

परतीला भुसावळच्या अलीकडं टपरीवर चहाला थांबलो. प्रेमराज म्हणत होता की बरंच झालं, इतकी वर्षं दादाच्या नावानं कोणी पाण्याचा थेंब दिला नव्हता, आज कुठं तरी त्याला घास मिळाला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. बोटांना लाल लागलं होतं ते तो पँटला पुसत होता. तेव्हा फोन वाजला. धुळ्याहून आईचा. म्हातारीचा आवाज एवढा मोठा, की मला बाकावर बसून ऐकू आला.

"प्रेम, मगन उना रे. आपला मगन घर उना. बायको लई उना शे."

मगन घरी आला होता, बायकोला घेऊन. प्रेमराजनं एकच विचारलं, कधी आला. म्हातारी म्हणाली, बाराच्या सुमारास, आगारी टाकत होते तेव्हा. निखाऱ्यावर घास टाकला आणि मान वर केली तर हा दारात.

मोटारसायकल जळगावात टाकली आणि एस.टी.नं धुळं गाठलं. वाटेत एरंडोल गेलं, पारोळं गेलं. प्रेमराजचे हात मांडीवर होते आणि तो एका हाताचं बोट दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसला होता.

दिवेलागणीला पोचलो. मगन धडधाकट होता. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच काही धरून बसाल. हात लावून पाहिला, ऊन होता. पाय सरळ होते. सावलीही पडत होती, मी मुद्दाम कंदिलाच्या बाजूला सरकून पाहिली. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, सुरतेच्या तंबाखूनं दात काळे. वापीला एका गोदामात होता इतकी वर्षं. तो उंबऱ्यावरच बसला होता, एक पाय आत, एक बाहेर. म्हातारी दोनदा म्हणाली की उंबऱ्यावर बसू नको, पण इतक्या वर्षांनी आलेल्या पोराला कोण किती रागावणार.

प्रेमराजला पाहून त्यानं हाक मारली. "काय रे प्रेम्या, म्हातारा झालास. माझी घागर भरून मोकळा झाला असशील ना?"

सगळे हसले. प्रेमराजनं पुढं होऊन भावाला मिठी मारली आणि सोडेचना. मगन म्हणत होता, अरे सोड, गुदमरून मारशील. मग तो उठून आत गेला तेव्हा मी पाहिलं, त्याच्या पांढऱ्या पायजम्याला मागून कुंकू लागलं होतं. सकाळी म्हातारीनं उमटवलेली सगळी बोटं तो पुसून, अंगावर घेऊन उठला होता. उंबरा कोरा.

त्याची बायको पुनम, तिकडचीच, पण माहेर मूळचं नंदुरबारकडचं. हसरी बाई, हातभर बांगड्या. तिला मी विचारलं, एवढ्या वर्षांनी एकदम कसं यायचं ठरलं. ती म्हणाली, "काय सांगू आबा, बरोबर वर्ष झालं. गेल्या अखाजीपासून झोपेतून उठून बसतात. कोणी हाक मारतंय म्हणतात. दारात जाऊन उभे राहतात. शेवटी मीच म्हटलं, चला, एकदा घरी जाऊन येऊ, म्हणजे हाक थांबेल."

प्रेमराज माझ्याकडं पाहत होता. मी पायातल्या चपलेकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाधरचा फोन आला, खुशीत. डॉक्टरनं सगळं तपासलं, काही नाही, गॅस आहे म्हणाला, मसाला कमी करा. कामिनीनं नारळ फोडला होता. प्रेमराजनं फोन म्हातारीकडं द्यायला सांगितलं. मी शेजारी होतो. त्यानं बेबाबाईला सगळं सांगितलं, की माझं चुकलं, भाऊ जिवंत आहे, समोर बसून शेवेची भाजी खातोय, त्याचं नाव काढून घ्या.

पलीकडून बेबाबाईचा आवाज आला, दुष्ट नव्हता, दमलेला होता.

"काढून घेते, भाऊ. मग लीलाधरचं टेकवू का?"

प्रेमराजनं फोन ठेवला.

त्यानंतर मगन-पुनम वापीला परतले नाहीत, आणि प्रेमराजनंही जळगाव सोडलं. धुळ्याला आईच्या घरी आला आणि मगनच्या मागं सावलीसारखा फिरायला लागला. मगन रस्ता ओलांडू लागला की हा पुढं. गच्चीवर गेला की हा मागं. आंघोळीला बसला की दाराबाहेर उभा. मगनला वाटे भावाचं प्रेम उतू चाललंय. चारचौघांत सांगे, बायकोसुद्धा इतकी पाळत ठेवत नाही. आणि गंमत म्हणजे गड्याला काही होईना. दोनदा ताप आला, गेला. एकदा रिक्षा अंगावरून गेली म्हणतात तशी कडेनं गेली, चप्पल तेवढी चाकाखाली. प्रेमराज मात्र दर खेपेला एकेक वर्षानं म्हातारा व्हायचा.

मी अधूनमधून जायचो. श्रावणात गेलो तेव्हाची गोष्ट. मगन ओट्यावर ताट घेऊन जेवत बसला होता. कठड्यावर कावळा येऊन बसला. बसला तो बसला, उतरून ताटाच्या काठावर आला. भाताचा घास उचलला, खाल्ला, पुन्हा उचलला. तुम्हाला ठाऊक आहे, पिंडाला शिवायला आम्ही कावळ्याच्या किती विनवण्या करतो, तासन् तास येत नाही मेला. इथं न बोलावता आला होता, जिवंत माणसाच्या ताटात. मगन हसत म्हणाला, भूक लागली असेल बिचाऱ्याला, आणि ताट त्याच्याकडं सरकवलं. प्रेमराजनं दगड उचलला होता, पण फेकायला त्याचा हात वर गेला नाही.

त्याच सुमारास त्यानं आपला नेम मोडला. घरं काढणं बंद केलं आणि माणूस काढायला लागला. माणूस एकच. मगन दाढी करताना, मगन पेपर वाचताना, मगन घोरताना. रोज एक. मला म्हणाला, "आबा, कागदावर घर उतरवलं की घर पडतं, पण कागदावरचं राहतं. भावाला रोज एकदा उतरवतो. काही झालं तरी कुठं तरी राहील." मी म्हटलं, तू तर धंद्याचंच गणित भावाला लावतोस, उलटं बसलं तर? चित्रं थांबली नाहीत. भिंती भरल्या. एकाही चित्रात लाल नव्हतं. लालची ट्यूब त्यानं उन्हाळ्यातच पांझरेच्या पुलावरून फेकून दिली होती, आणि या खेपेला नदीत खरंच पाणी नव्हतं, त्यामुळं ती खाली दगडावर पडून फुटली. दोन-चार दिवस दगड लाल होता.

घरातल्या मिरच्यासुद्धा त्यानं झाकणाच्या डब्यात ठेवायला लावल्या. पुनम हसायची. तिच्या कपाळाकडं मात्र तो बघायचा नाही.

आता परवाचं सांगतो. अखाजी तोंडावर आली म्हणून मी धुळ्याला गेलो. प्रेमराजनंच बोलावलं होतं. हा एक दिवस सोबतीला या म्हणाला, माझ्यानं एकट्यानं निभणार नाही. त्याचा चेहरा बघून मी गोष्टी सांगायच्या विसरलो. मी धीर देत म्हटलं, अरे, वर्ष सरलं, गडी ठणठणीत आहे, म्हाताऱ्या बाईच्या बोलण्याला किती धरायचं. तो म्हणाला, आबा, आवतण अखाजीचं असतं.

अखाजीची सकाळ. प्रमिलाबाई मागच्या दारी कुंभाराशी भाव करत होत्या. पुनम खोलीत सणाची तयारी करत होती. पुढ्यात कुंकवाचा करंडा, पाण्याची वाटी, धुतलेलं पाटाचं फडकं. प्रेमराजनं त्याच सकाळी काढलेलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मगनचा नुसता चेहरा, समोरून. आजवरच्या सगळ्यांत चांगलं. डोळे तर असे, की मी नकळत बाजूला सरकलो.

मगन कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग म्हणाला की वर्षभर मी बघतोय, काहीतरी कमी पडतं तुझ्या चित्रांत, आज कळलं. एकातही लाल नाही बघ. म्हणून मेल्यासारखा दिसतो मी.

कोणी काही म्हणायच्या आत त्यानं वाकून बोट पाण्याच्या वाटीत बुडवलं, मग करंड्यात, आणि चित्रातल्या स्वतःच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. भिंतीवरच्या गेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात, तसा. बरोबर मधोमध.

"हां," तो मागं सरकून म्हणाला, "आता कसा जिवंत वाटतो."

कुंकू ओलं होतं. टिळ्यातून एक धार सुटली आणि नाकावरून खाली यायला लागली. प्रेमराजनं झडप घालून फडकं उचललं, चित्रापाशी गेला, हात वर केला. आणि तो हात तिथंच राहिला, कागदापासून चार बोटांवर. मान वळवून त्यानं पुनमकडं पाहिलं. वर्षात पहिल्यांदा तिच्या कपाळाकडं पाहिलं. ती हसत होती. तिला वाटलं, भावाभावांची मस्करी चाललीय.

धार ओठांपर्यंत आली होती.

मागच्या दारातून प्रमिलाबाईंनी हाक मारून विचारलं, कुंभार खोळंबलाय, घागरी किती घेऊ.